वाचकांचे प्रश्न : सुतकातले पत्ते

प्रश्न : गेल्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या जाऊबाईंचा १९ वर्षांचा मुलगा मित्रांबरोबर लोणावळ्याला गेला असता ओढ्यात वाहून गेला. भेटायला आलेल्या बऱ्याच जणांनी ‘भर पावसात जायची गरज काय होती’, ‘आईवडिलांनी अडवायला हवे होते’ असे त्याच्या आईसमोरच ऐकवले. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर तर त्याहून वाईट लिहिले गेले. मात्र साताऱ्याहून आलेल्या मामाने पाचव्या दिवशी त्याच्या १० वर्षांच्या बहिणीला आतल्या खोलीत पत्त्यांची जादू करून दाखवली आणि ती हसली, तेव्हा याच मंडळींनी ‘सुतकात पत्ते कसले काढता’ म्हणून मामाला सुनावले. नेमके कोणाचे चुकले? ती अजूनही पत्ते मागते. मला जादू येत नाही. एखादी सोपी सांगाल का?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : मामाचे काहीही चुकले नाही. या वयाची मुले सलग दुःख करू शकत नाहीत. सकाळी भावाचा शर्ट उराशी धरून रडणारी मुलगी दुपारी खेळायला मागते आणि रात्री पुन्हा रडते. मोठ्यांना हे विसरणे वाटते, पण तिला ते तेवढ्याच घासांत गिळता येते. पत्त्यांना आपल्याकडे जुगाराचा वास चिकटला आहे, हा आक्षेपामागचा खरा भाग असावा. कोजागरीच्या जागरणाला पत्ते चालणाऱ्या घरांतही तो आहे.

आता बोलणाऱ्यांविषयी. त्यांना दुष्ट म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण मला ते पुरेसे वाटत नाही. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने कॅरोलिन सिमन्स यांच्यासह १९६६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. उत्तर चुकले की एका स्त्रीला विजेचा धक्का बसतो, असे दृश्य प्रेक्षकांना दाखवण्यात आले. धक्के खोटे होते, पण प्रेक्षकांना ते ठाऊक नव्हते. ज्यांना हे सारे नुसते पाहत बसावे लागणार होते, ते त्या स्त्रीलाच कमी लेखू लागले. ज्यांना तिची सुटका करण्याची संधी मिळाली, त्यांनी बहुधा ती घेतली आणि तिला नावेही फारशी ठेवली नाहीत. निरपराध माणसावर असे काही कोसळू शकते, हे मान्य केले तर उद्या ते आपल्या मुलावरही कोसळू शकते, आणि ती भीती टाळण्यासाठी मेलेल्याची चूक शोधली जाते, असा लर्नर यांचा अर्थ होता. तुमच्या बैठकीच्या खोलीत चहाचा कप धरून बसलेल्यांच्या हाताला काहीच काम नव्हते. मामाच्या हाताला होते.

३० जून २०२४ रोजी भुशी धरणाजवळच्या धबधब्यात हडपसरहून आलेल्या एका कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हाही एकमेकांना धरून प्रवाहात उभ्या असलेल्या त्या माणसांची चित्रफीत पुण्यातल्या घरोघरी फिरली आणि तिच्याबरोबर ‘अक्कल नव्हती का’ हा शेराही फिरला. वर डोंगरात पाऊस वाढला की खाली गुडघाभर वाटणारा ओढा काही मिनिटांत चढतो, हे सांगायलाच हवे. पण ते जूनच्या आधी आणि ओढ्याच्या काठावर सांगावे. पाचव्या दिवशी आईला ते सांगून कोणाचाही जीव वाचत नाही.

वर्षश्राद्धाला हीच मंडळी पुन्हा येतील. कोणी ‘तरी मी म्हणत होतो’ असे सुरू केले, तर वाद घालू नका, काम सांगा : मुलाच्या महाविद्यालयातून अनामत रक्कम आणायची आहे, बँकेतले खाते बंद करायचे आहे, गुरुजींना घ्यायला जायचे आहे. गटावरचा मजकूर काढून टाकण्यास गटचालकाला जाऊबाईंनी नव्हे, तुम्ही सांगावे. मृत व्यक्तीची नालस्ती नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केली असेल, तर तीही बदनामी ठरू शकते, अशी तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. तुम्ही कोर्टात जावे असे मी सुचवत नाही, पण गटचालक टाळाटाळ करू लागला तर हे वाक्य उपयोगी पडते.

आता जादू. हिला हातचलाखी लागत नाही. कोणतेही २१ पत्ते घ्या. ते चित्र वर करून एकेक पत्ता डावीकडून उजवीकडे मांडत जा, म्हणजे सात-सात पत्त्यांचे तीन उभे रकाने होतील. तिने एक पत्ता, समजा बदामची राणी, मनात धरावा आणि फक्त रकाना दाखवावा. प्रत्येक रकान्यातला क्रम न मोडता तिन्ही गोळा करा, पण तिने दाखवलेला रकाना नेहमी मधोमध ठेवा. पत्ते न पिसता पुन्हा तसेच मांडा, पुन्हा विचारा आणि गोळा करा. असे एकूण तीनदा केले की तिचा पत्ता वरून ११ वा येतो. पहिल्या खेपेला तो मधल्या सातांत येतो, दुसऱ्या खेपेला मधल्या तिघांत, आणि तिसऱ्या खेपेला त्याला ११ व्या जागेखेरीज जागाच उरत नाही. अकरावा पत्ता लगेच काढून दाखवू नका. तिचा हात धरून थोडा वेळ मंत्र पुटपुटा, कारण गणिताला जादूचे रूप त्या नाटकानेच येते.

एका बैठकीत ही जादू दोनदा करू नये, हुशार मूल दुसऱ्या वेळी मोजू लागते. तिने मोजलेच, तर गुपित सांगून टाका आणि पत्ते तिच्या हाती द्या. लहान हातांना २१ पत्ते आवरत नसतील, तर १५ घेऊन पाच-पाचांचे तीन रकाने करावेत. मग तिसऱ्या खेपेनंतर पत्ता आठवा येतो.