आफ्रिकन व्हायोलेट : पाणी घालण्याआधी माती पाहा

प्रश्न : माझ्या आफ्रिकन व्हायोलेटची पाने चार-पाच दिवसांपासून मलूल होऊन कुंडीच्या काठावर लोंबू लागली आहेत. पाणी कमी पडत असावे म्हणून मी रोज पाणी घालते, पण रोप अधिकच खचत चालले आहे. आणखी किती पाणी द्यावे?

उत्तर : आणखी पाणी अजिबात देऊ नका. तुमच्या पत्रातील वर्णनावरून रोप तहानलेले नसून त्याच्या मुळ्या कुजत असाव्यात, असे दिसते. या दोन्ही अवस्थांत पाने सारखीच लोंबतात आणि नेमकी तिथेच फसगत होते, कारण कुजलेल्या मुळीला समोर असलेले पाणीही ओढून घेता येत नाही. पाने वाळक्या मातीतल्या रोपासारखी दिसतात, आपण दयेपोटी पाणी घालतो आणि उरलेल्या चार मुळ्याही कुजवून टाकतो. मी स्वतः पहिली दोन रोपे अशीच घालवली आहेत, त्यामुळे हे लिहिताना उपदेशाचा आव आणणे मला शोभणार नाही.

ओळखण्याची खूण सोपी आहे. बोट मातीत पेरभर खुपसून पाहा. माती कोरडी आणि कुंडी हातात हलकी लागत असेल, तर ती तहान आहे आणि पाणी दिल्यावर पाने काही तासांत उभी राहतील. माती ओली असूनही पाने गळाली असतील, तर रोप हळूच कुंडीबाहेर काढून मुळ्या पाहाव्यात. निरोगी मुळ्या पांढुरक्या आणि दोऱ्यासारख्या बारीक असतात, तर कुजलेल्या मुळ्या तपकिरी होतात, ओढल्या की त्यांची साल हातात येते आणि मातीला आंबूस वास येतो. अशा मुळ्या स्वच्छ कात्रीने कापून टाकाव्यात, बाहेरची जून पाने काढून रोपावरचा भार कमी करावा आणि ताज्या, जेमतेम दमट मिश्रणात लहान कुंडीत रोप बसवून त्यावर पारदर्शक पिशवी सैलसर घालावी. मात्र पानांच्या मधोमध असलेला गाभाच मऊ आणि तपकिरी झाला असेल, तर रोपाची आशा सोडावी आणि एखाद-दुसरे टणक पान वाचवून त्यापासून नवे रोप करावे. त्याची रीत पुढे दिली आहे.

हे रोप इतके नाजूक का, असे अनेक जण विचारतात. ते मुळात नाजूक नाही, त्याचे घर वेगळे आहे. टांझानिया आणि केनियातील डोंगराळ जंगलांत, झाडांच्या सावलीत, शेवाळलेल्या खडकांच्या भेगांमध्ये ते वाढते. तिथे हवा दमट असते, पण मुळ्यांपाशी पाणी साचत नाही, कारण खडकावरच्या चिमूटभर पालापाचोळ्यातून ते लगेच वाहून जाते. या रोपाला बागेतली काळी, चिकट माती दिली तर ती बसते, तिच्यात हवा खेळत नाही आणि मुळ्या गुदमरतात. म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), परलाइट आणि व्हर्मिक्युलाइट (ही दोन्ही तापवून फुगवलेली हलकी खनिजे) समप्रमाणात मिसळून वापरावे. पाणी देण्याची सर्वांत सुरक्षित रीत म्हणजे कुंडी पाण्याच्या बशीत अर्धा तास ठेवून मिश्रण वरपर्यंत ओलसर झाले की बशीतले उरलेले पाणी ओतून देणे. पुढचे पाणी वरचा थर सुकल्यावरच द्यावे. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे ओल आहे पण चिखल नाही, त्या स्थितीत मिश्रण राहिले पाहिजे. ‘दर तीन दिवसांनी पाणी’ यासारख्या वेळापत्रकावर माझा विश्वास नाही, कारण थंडीत आणि उन्हाळ्यात तीच कुंडी वेगवेगळ्या वेगाने सुकते.

प्रश्न : पानांवर फिकट पिवळी वळी आणि ठिपके उमटले आहेत. हा बुरशीचा रोग आहे का आणि कोणते औषध फवारावे?

उत्तर : ठिपके कोरडे असतील, पसरत नसतील आणि केवळ पानाच्या वरच्या बाजूला असतील, तर तो रोग नाही. पानावर थंड पाणी पडल्याची ती खूण आहे. पानापेक्षा बरेच थंड पाणी अंगावर पडले की त्या जागेवरच्या हिरव्या पेशी आतून कोसळतात आणि थेंब जिथवर पसरला असेल, तिथवर वळी उमटतात. ती पुन्हा हिरवी होत नाहीत, त्यामुळे औषधाचा उपयोग नाही. पाणी नळातून काढल्यावर खोलीत ठेवून त्याची थंडी मोडू द्यावी आणि मगच वापरावे. पानांवर धूळ बसली असेल, तर मऊ कुंचल्याने देठाकडून टोकाकडे झाडावी. लवदार पान ओल्या फडक्याने पुसू नये, कारण त्यावरची लव मोडते आणि पान कायमचे डागाळलेले दिसते.

प्रश्न : रोप वर्षभराचे झाले. पाने गर्द हिरवी आणि भरपूर आहेत, पण एकही कळी नाही. मी दर पंधरा दिवसांनी खत देतो. कोणते वेगळे खत द्यावे?

उत्तर : खताचा डबा तूर्त बाजूला ठेवा आणि रोपाची ठेवण पाहा. पानांचे देठ लांबलेले आहेत का, पाने वर उचलली जाऊन खिडकीकडे वळली आहेत का आणि त्यांचा हिरवा रंग वाजवीपेक्षा गडद आहे का? तसे असेल, तर रोपाला उजेड कमी पडत आहे. उजेड पुरेसा असला की पाने देठांसह आडवी पसरतात आणि वरून पाहिल्यावर रोप ताटलीसारखे गोल दिसते. उलट पाने फिकटली असतील, काठ खाली वळून कुंडीला बिलगले असतील आणि गाभा आखडला असेल, तर उजेड जास्त होतो आहे. ही दोन चित्रे डोळ्यांत बसली की मोजमापाची उपकरणे लागत नाहीत.

या रोपाला सकाळचे कोवळे ऊन किंवा पातळ पडद्यातून गाळून येणारा स्वच्छ उजेड मानवतो. दुपारचे ऊन पाने भाजून काढते. खिडकी अंधारी असेल, तर पानांपासून सुमारे 30 सेंटिमीटर उंचीवर पांढरा एलईडी दिवा रोज 12 ते 14 तास लावावा, पण रात्रीचे किमान 8 तास अंधार मिळू द्यावा. आठवड्यातून एकदा कुंडी पाव वळसा फिरवली की रोप एका अंगाला कलत नाही. जागा बदलल्यानंतर दुसऱ्या दिवशी कळ्या शोधू नयेत. साधारण दोन महिने धीर धरावा.

उजेडानंतर कुंडीचा क्रम येतो. मोठ्या कुंडीत रोप सुखी राहील, हा समज येथे उलटा ठरतो. पानांचा पसारा जितका असेल, त्याच्या एक तृतीयांश व्यासाची कुंडी पुरते. म्हणजे 30 सेंटिमीटर पसरलेल्या रोपाला 10 सेंटिमीटरची कुंडी. मोठ्या कुंडीत मुळ्या न पोहोचलेली माती ओलीच राहते आणि वर सांगितलेली कुज सुरू होते. रोपाच्या कुशीत फुटवे आले असतील, तर तेही पाहा. पानाच्या बेचक्यात कळीचा देठ निघतो आणि फुटवाही निघतो, त्यामुळे आरंभी दोघांत गल्लत होते. चार पाने दिसू लागली की तो फुटवा समजावा आणि टोकदार पेन्सिलीने अलगद खुडून काढावा. असे तीन-चार फुटवे एका कुंडीत वाढू दिले, तर पाने गिचमिड वाढतात आणि फुले रुसतात.

आता खताविषयी. नत्र जास्त असलेले खत पाने वाढवते, हे तुमच्या रोपाने दाखवलेच आहे. नत्र, स्फुरद आणि पालाश समतोल असलेले पाण्यात विरघळणारे खत डब्यावर सांगितलेल्या मात्रेच्या पाव भागाने घेऊन पाण्याबरोबर द्यावे आणि महिन्यातून एकदा वरून साधे पाणी सोडून साठलेले क्षार धुऊन काढावेत. कुंडीच्या काठावर पांढरी कड जमली असेल, तर ती क्षारांचीच असते. मातीच्या कुंडीत या कडेला टेकणारे देठ तिथेच काळे पडून गळतात आणि आपण उगाच रोगाला दोष देतो.

प्रश्न : पानापासून नवे रोप कसे करतात? मैत्रिणीने दिलेल्या पानापासून केलेले रोप फुलले, पण तिच्या फुलांवरचा पांढरा पट्टा माझ्या फुलांवर आलाच नाही. माझे काय चुकले?

उत्तर : तुमचे काहीही चुकलेले नाही. पाकळीच्या मधोमध पट्टा असणाऱ्या या वाणांत दोन वेगळ्या जनुकीय घडणींच्या पेशी एकमेकींना लागून थरांनी राहतात. पानाच्या देठातून नवे रोप फुटते, तेव्हा सहसा ही थरांची रचना टिकत नाही आणि फूल एकरंगी येते. असे वाण टिकवायचे असेल, तर फुटव्यापासूनच वाढवावे. मैत्रिणीकडून आता पान न मागता फुटवा मागा.

इतर वाणांसाठी पान उत्तम. सर्वांत बाहेरचे पान जून असते आणि गाभ्यातले कोवळे, म्हणून मधल्या फेरीतले टणक पान निवडावे. देठ सुमारे 3 सेंटिमीटर ठेवून धारदार पात्याने तिरका काप घ्यावा. कात्री बोथट असली की देठ चेपतो आणि चेपलेला देठ कुजतो. ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये पेन्सिलीने भोक पाडून देठ सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोल, किंचित कलता रोवावा आणि पारदर्शक डब्याने झाकून उजेडात, पण उन्हाबाहेर ठेवावा. तीन-चार आठवड्यांनी पान हलकेच ओढून पाहिल्यावर ते धरून ठेवल्यासारखे वाटले की मुळ्या फुटल्या, असे समजावे. त्यानंतर बराच काळ काहीच घडत नाही आणि याच टप्प्यावर उतावीळ माणसे पान उपटून बघतात. दोन-अडीच महिन्यांच्या सुमारास देठाच्या तळाशी उंदराच्या कानाएवढी, फिकट हिरवी, लवदार पानांची जोडी माती बाजूला सारत वर येते. एका पानापासून बहुधा तीन-चार रोपे निघतात. त्यांची पाने मूळ पानाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली की ती वेगवेगळी करून लहान कुंड्यांत लावावीत.

प्रश्न : खालची पाने गळून खोडाची उघडी मान दिसू लागली आहे. रोप डुगडुगते. ते फेकून द्यावे का?

उत्तर : वय झाले की हे प्रत्येक रोपाचे होते, त्यात फेकण्याजोगे काही नाही. रोप कुंडीबाहेर काढावे, मानेवरची वाळकी साल सुरीच्या पाठीने हलकेच खरवडावी, मान जेवढी उघडी असेल तेवढ्याच जाडीचा मातीचा गोळा मुळ्यांसकट खालून कापून टाकावा आणि रोप त्याच कुंडीत खाली सरकवून पानांच्या तळापर्यंत ताजे मिश्रण भरावे. खरवडलेल्या मानेतून नव्या मुळ्या फुटतात. दर सहा ते बारा महिन्यांनी मिश्रण बदलताना हे काम केले, तर मान फार लांबतच नाही.

प्रश्न : गाभ्यातली पाने एकाएकी लहान, करडी, वेडीवाकडी आणि दाट केसाळ येऊ लागली आहेत. कीड मात्र कुठेच दिसत नाही.

उत्तर : डोळ्यांना न दिसणाऱ्या सूक्ष्म कोळ्यांचे हे लक्षण आहे. घरातली इतर रोपे निरोगी असतील, तर मी हे रोप पिशवीत बांधून बाहेर काढीन आणि त्याची कुंडी साबणाने धुईन. एका रोपाच्या मायेपोटी दहा रोपे पणाला लावणे मला पटत नाही. शेजारच्या रोपांना हात लावण्याआधी हात धुवावेत, कारण हे कोळी बोटांवरूनही पसरतात. मात्र गाभा ठीक असून जांभळ्या पाकळ्यांवर पिवळी पूड सांडलेली दिसत असेल, तर ते फुलकिड्यांचे काम असते. त्यासाठी सर्व फुले आणि कळ्या खुडून नष्ट कराव्यात आणि दोन महिने एकही फूल येऊ देऊ नये.

प्रश्न : व्हायोलेटची फुले खातात, असे वाचले. ही फुले चालतील का? शिवाय घरातील मांजर पाने कुरतडते, त्याचा धोका आहे का?

उत्तर : खाण्याजोगी व्हायोलेट वेगळ्या कुळातली आहे आणि या रोपाशी तिचे नाते केवळ नावापुरते आहे. वॉल्टर फॉन सेंट पॉल या जर्मन अधिकाऱ्याने 1892 मध्ये आजच्या टांझानियातील उसांबारा डोंगरांतून ते जर्मनीत पाठवले आणि 1893 मध्ये हेर्मान वेंडलांड या वनस्पतिशास्त्रज्ञाने सेंटपॉलिया आयोनँथा, म्हणजे व्हायोलेटसारख्या फुलांची सेंटपॉलिया, असे त्याचे नामकरण केले. 2015 पासून वनस्पतिशास्त्रज्ञ त्याची गणना स्ट्रेप्टोकार्पस या प्रजातीत करतात. ताटात घेण्यासाठी ही फुले नाहीत. मांजरासाठी आणि कुत्र्यासाठी मात्र हे रोप विषारी नाही, तेव्हा काळजी मांजराची न करता रोपाची करावी आणि कुंडी उंचावर ठेवावी. कुरतडलेल्या पानांत एखादे देठासह धड सापडले, तर तेही वर सांगितल्याप्रमाणे लावून टाकावे.