चिठ्ठीला उत्तर गेलं का?

प्रश्न : मी फिजिओथेरपिस्ट. पायांच्या उपचारांचं वेगळं प्रशिक्षण घेऊन आठ महिन्यांपूर्वी म्हापशात फक्त पायांसाठी क्लिनिक सुरू केलं. मधुमेहींचे पाय, कुरूप, टाचदुखी, आत वाढलेली नखं असं सगळं बघते. आसपासच्या 22 डॉक्टरांना भेटून कार्डं दिली. त्यांच्याकडून आजवर तीन पेशंट आले. एका दवाखान्यात तर कंपाउंडरनेच ‘आमचे किती?’ असं विचारलं. माझं काय चुकतंय?
– स. ना., म्हापसा

उत्तर : आधी ‘आमचे किती’चं बघू. एक पैसाही द्यायचा नाही. पेशंट पाठवल्याबद्दल कमिशन घ्यायला डॉक्टरांना 2002 च्या आचारसंहितेनेच मनाई आहे. शिवाय टक्क्यांवर आलेला पेशंट, दुसरा कोणी जास्त देईपर्यंतच तुमचा.

आता कार्डांचं. फोंड्याला सर्जन म्हणून बसलो तेव्हा मीही काजूगराचे डबे घेऊन दवाखान्यांतून फिरलो होतो. डबे संपले, पेशंट काही आले नाहीत. मग गावातल्या एका वयस्क दोतोरांनी तळपायाला जखम झालेला एक पोदेर, म्हणजे पाववाला, माझ्याकडे धाडला. जखम मी बरी केली, वर त्याच्या साखरेच्या गोळ्याही बदलल्या आणि ‘आता इथेच येत जा’ म्हणालो. दोतोरांना एक ओळ लिहिली नाही. पुढची दोन वर्षं त्यांच्याकडून चिटपाखरू आलं नाही. शेवटी एका लग्नात भेटले तेव्हा पानात वाढलेलं खतखतं कालवत म्हणाले, ‘मी पाय पाठवला होता, तू माणूसच ठेवून घेतलास.’

म्हणून विचारतो : ते तीन पेशंट ज्यांनी पाठवले, त्यांना उत्तर गेलं का? तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही. गेलं नसेल तर आजच लिहा. डॉक्टर ते दोन पेशंटांच्या मधे वाचणार, तेव्हा पाच ओळींच्या वर नको. साधारण असं : ‘उजव्या तळव्यावर मोनोफिलामेंट (स्पर्श तपासायचा धागा) 10 पैकी 6 ठिकाणी कळत नाही. दोन्ही पायांच्या नाड्या लागतात. अंगठ्याखालचं कुरूप तासलं, खाली जखम नाही. एमसीआरची (मऊ रबराची) चप्पल सांगितली. साखर आणि औषधं तुमच्याकडेच, मी तीन महिन्यांनी पाय बघेन.’ ‘साखर आणि औषधं तुमच्याकडेच’ हे विसरू नका. मी तेच विसरलो होतो.

पेशंटांचा तोटा नाही. आयसीएमआरच्या 2023 साली आलेल्या पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सगळ्या राज्यांत गोव्यात जास्त निघालं, 26.4 टक्के. दवाखान्याच्या बाकावर ते बसलेलेच असतात, पण चपला काढायला लावून पाय बघण्याइतका वेळ त्या डॉक्टरांना मिळत नाही. तेव्हा 22 जणांचा नाद सोडा, तिघांना धरा. त्यांच्याच दवाखान्यात एक सकाळ मागून घ्या आणि डॉक्टरांसमोर चार पाय तपासा. पेशंटचे डोळे मिटलेले, 10 ग्रॅमचा तो धागा तळव्यावर वाकेपर्यंत टेकवून तुम्ही उचललेला, आणि तो विचारतो, ‘केन्ना लायलें?’ (कधी लावलंत?) हे एकदा समोर बघितलेला डॉक्टर तुमचं कार्ड शोधत बसणार नाही, सरळ फोन करेल.

शिरगावच्या लईराईची जत्रा वैशाखात. तिथे निखाऱ्यांवरून चालणारे भक्त म्हणजे धोंड. तुमच्या डॉक्टरांकडे मधुमेही धोंड असतील, त्यांचे पाय चैत्रातच बघून ठेवा. बधिर पायाला निखारा कळत नाही. जावं की नाही हे त्याच्याशी त्याच्या डॉक्टरांनी बोलावं, तुम्ही फक्त काय आढळलं ते लिहून द्या. पावसाळ्यात चिखल्या घेऊन शेतकरी येतील, ते सोपं काम.

बोट काळं पडलेलं, नाडी लागत नाही, किंवा जखमेबरोबर ताप आहे, असा पाय मात्र आपल्याकडे ठेवायचा नाही. पाठवणाऱ्या डॉक्टरांना पेशंटसमोरच फोन करायचा आणि त्याच दिवशी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात धाडायचं. त्या दिवशी तुमची फी बुडेल. बुडू दे.

आणि शुक्रवारी सकाळी क्लिनिक बंद ठेवू नका. बाजाराला पेडण्याहून, डिचोलीहून माणसं बसने येतात. त्यांचे डॉक्टर सांगतील, ‘म्हापशाक वतलो मरे? मागीर पांय दाखोवन यो.’