वाचक विचारतात: आर्म बदलायचा की नुसता बुश?

प्रश्न: माझी २००९ सालची डिझेल पिकअप रोज पहाटे वाशीच्या मार्केटातून ठाण्याला भाजी नेते. पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म) आणि टॉर्शन बार (स्प्रिंगऐवजी पिळला जाणारा दांडा) आहे. खड्ड्यात डावीकडून ‘खट्’ असा आवाज येतो आणि ब्रेक मारला की स्टेअरिंग ओढतं. मेकॅनिक म्हणतो, खालचा आर्म गेला. दुकानात तीन पर्याय सांगितले: कंपनीचा आर्म, लोकल पूर्ण सेट (निम्म्याहून कमी किंमत) आणि कुर्ल्याहून आणलेला जुना. महिनाभरात फिटनेस तपासणी आहे. काय घेऊ? – एक वाचक, तुर्भे

उत्तर: ‘आर्म गेला’ म्हणजे त्यातलं नेमकं काय गेलं, हे मेकॅनिकला आधी विचारा. आर्म म्हणजे चेसिस (गाडीचा सांगाडा) आणि चाक यांना जोडणारा हात. त्यात लोखंड असतं, चेसिसकडे रबरी बुश असतात आणि चाकाकडे बॉल जॉइंट (सगळीकडे वळणारा सांधा) असतो. जोराची धडक बसली नसेल किंवा गंजाने पत्रा खाल्ला नसेल, तर लोखंड सहसा जात नाही. जातात ते बुश आणि बॉल जॉइंट. ब्रेकला ओढणारी गाडी बुशकडे बोट दाखवते, कारण ब्रेक मारताच चाक मागे रेटलं जातं आणि फाटलेला बुश आर्मला सरकू देतो. मात्र एका बाजूचा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकला असला तरी हाच त्रास होतो. तो आधी मोकळा आहे ना ते पाहा, नाहीतर नवा आर्म घालूनही गाडी ओढतच राहील.

बॉल जॉइंट तपासताना जॅक कुठे लावला यावर सगळं अवलंबून असतं. टॉर्शन बार खालच्या आर्मला जोडलेला असेल तर जॅक खालच्या आर्मखाली, बॉल जॉइंटच्या होईल तितका जवळ लावा. तेव्हाच जॉइंटवरचा ताण उतरतो. चेसिस उचलून चाक लटकवलं तर बारचा ताण जॉइंटला घट्ट धरून ठेवतो आणि गेलेला जॉइंटही चांगला वाटतो. बार वरच्या आर्मला असेल तर उलट करा, जॅक चेसिसखाली लावा. आता टायरखाली टॉमी (लोखंडी पहार) घालून चाक वर उचलून पाहा. नंतर चाक वर-खाली धरून हलवा आणि त्याच वेळी दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर डगडग थांबली तर दोष व्हील बेअरिंगचा. तरीही चालू राहिली तर बॉल जॉइंट गेलाय. फक्त डावी-उजवीकडे हललं तर आधी टाय रॉड एंड (स्टेअरिंगच्या दांड्याचा चाकाकडचा सांधा) बघा.

बुश मात्र गाडी जमिनीवर असताना टॉमीने हलवून पाहा. रबराला वरवर बारीक भेगा असणं वयोमानाने चालतं. रबर मधल्या लोखंडी स्लीव्हपासून (नळीपासून) सुटलं असेल किंवा स्लीव्ह मध्यावरून एका बाजूला बसली असेल, तर बुश संपला.

आता खरेदीबद्दल. जुना आर्म घेऊ नका. तो कुठल्या गाडीतून निघाला आणि ती गाडी कशावर आदळली होती, हे कुणी सांगत नाही. चार-पाच मिलिमीटरचा वाक डोळ्याला दिसत नाही, अलाइनमेंटच्या मशीनवरच कळतो. आणि त्यातले बुश-जॉइंट तुमच्या आर्ममधल्याइतकेच म्हातारे असतात. तुमचा आर्म सरळ असेल, शिवणीत गंज नसेल, बॉल जॉइंटचं घर सैल झालं नसेल, तर सर्वांत शहाणा खर्च म्हणजे तोच आर्म ठेवून कंपनीचे किंवा नावाजलेल्या उत्पादकाचे बुश आणि बॉल जॉइंट घालणं. बुश हातोडीने ठोकून नव्हे, प्रेसवर बसवून घ्यायचे. वागळे इस्टेट किंवा तुर्भे एमआयडीसीत प्रेस असलेला लेथवाला शोधायला फार फिरावं लागत नाही. रिव्हेटने बसवलेला जॉइंट असेल तर रिव्हेट ड्रिलने काढतात आणि नव्या जॉइंटसोबत आलेल्या बोल्टांनी तो बसवतात. दाबून बसवायचा जॉइंट हाताने घरात जात असेल तर तो आर्म बाद समजा. अशा सैल जॉइंटला वेल्डिंगचे टाके मारून देणारे भेटतील, त्यांना नम्रपणे नमस्कार करा. त्या उष्णतेने जॉइंटच्या आतलं ग्रीस आणि अस्तर जळतं आणि पुढे कधी तरी चाक निखळतं. वाकलेला आर्म तापवून सरळ करणं हाही तसाच जीवघेणा उद्योग आहे.

आर्मच बदलावा लागला तर कंपनीचाच घ्या, असा माझा हट्ट नाही. पण लोकल सेट घेताना पार्ट गाडीच्या वर्षावरून मागू नका, चेसिस नंबरावरून मागा. एकाच मॉडेलमध्ये मधल्या काळात जॉइंटचा टेपर (पिनचा निमुळता उतार) किंवा बुशचा व्यास बदललेला असू शकतो. जुना आर्म दुकानात घेऊन जा आणि काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवून तीन मापं जुळवून पाहा: बुशच्या केंद्रांमधलं अंतर, बुशच्या रेषेपासून बॉल पिनच्या केंद्रापर्यंतचं अंतर, आणि पिनचे आटे. मग टेपर तपासा. पिनला मार्करची शाई लावून ती नकलच्या (चाक धरणाऱ्या भागाच्या) छिद्रात बसवा, थोडी फिरवा आणि काढून बघा. शाई सगळीकडे सारखी पुसली गेली पाहिजे. फक्त वरच्या किंवा खालच्या कडेला घासली असेल तर टेपर जुळत नाही. नट आवळला की असा जॉइंट घट्ट वाटतो, पण चालताना पिन आत डुलते आणि शेवटी तुटते. दाबीव पत्र्याच्या आर्ममध्ये शिवणीचं वेल्डिंग सलग आहे का आणि पाणी निघायला भोकं ठेवली आहेत का, तेही पाहा. आमच्याकडे खाडीची खारी हवा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे आत पाणी साचणारा आर्म आतूनच कुजतो.

आर्म काढण्याआधी टॉर्शन बारचा अ‍ॅडजस्टिंग बोल्ट किती बाहेर आहे ते मोजून लिहून ठेवा. बार आणि त्याचा अँकर यांवर खुणा करा, मगच ताण उतरवा. डावा-उजवा बार अदलाबदल करू नका. त्यांचा पीळ वेगवेगळ्या दिशेचा असतो. वरच्या आर्मखालच्या शिमच्या पट्ट्या (चाकाचा कोन जुळवायच्या पातळ चकत्या) निघाल्याच, तर पुढच्या आणि मागच्या वेगळ्या पिशवीत ठेवा. गाडी घोडीवर (पक्क्या स्टँडवर) टेकवल्याशिवाय, नुसत्या जॅकवर काम करू नका.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. बुशचे बोल्ट चाक लटकत असताना शेवटचे आवळू नका. रबरी बुश घासत फिरत नाही, तो पिळला जातो. लटकत्या स्थितीत आवळला तर गाडी खाली उतरताच तो कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. मग दोष मालाला दिला जातो. बोल्ट आधी हलके बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढचा बंपर दोन-तीनदा दाबून सोडा आणि मगच सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कला (ठरवून दिलेल्या जोराला) आवळा. खाचांच्या नटाला स्प्लिट पिन जात नसेल तर नट पुढे आवळून खाच जुळवा, मागे सैल करू नका. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले) पुन्हा वापरायचे नाहीत. शेवटी अलाइनमेंट करून घ्या आणि पाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा पाहून घ्या.

तुमच्या गाडीचा बुश दोन्हीकडे सारखाच जुना आहे, तेव्हा उजवीकडचेही आताच बदला. आठ वर्षांपुढच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस लागतो. पुढच्या वर्षी पुन्हा गाडी उघडून बसण्यापेक्षा हे बरं.

प्रश्न: दोन्ही आर्म नवे घातले, अलाइनमेंटही केली, तरी गाडी हळूहळू डावीकडे जाते. मेकॅनिक म्हणतो आर्म खराब. – एक वाचक, कळवा

उत्तर: घाई नको. आपले रस्ते पाणी जावं म्हणून डावीकडे किंचित उतरते असतात, त्यामुळे स्टेअरिंग सोडल्यावर गाडी थोडी डावीकडे सरकणं स्वाभाविक आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या सपाट टप्प्यावर करून पाहा. तिथेही ओढत असेल तर पुढच्या दोन्ही टायरची हवा सारखी करा, मग टायर डावं-उजवं बदला. ओढा उजवीकडे गेला तर दोष टायरचा. तसाच राहिला तर अलाइनमेंटच्या छापील कागदावर दोन्ही बाजूंचा कॅस्टर (स्टेअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) बघा. ज्या बाजूला तो कमी, त्या बाजूला गाडी ओढली जाते. शिमच्या पट्ट्या उलटसुलट बसल्या असतील तर हाच परिणाम दिसतो. कागद मागितला नाही तर ‘सगळं ओके’ एवढंच ऐकायला मिळतं, म्हणून कामाआधीची आणि नंतरची अशी दोन्ही आकडेवारी घ्या.

प्रश्न: ग्रीस निपलवाला (ग्रीस भरायचं तोंड असलेला) बॉल जॉइंट घ्यावा की सीलबंद? आणि पॉलियुरेथेनचे बुश टिकाऊ असतात म्हणतात, ते घालू का? – एक वाचक, कासारवडवली

उत्तर: निपल असेल तर ग्रीस मारलं पाहिजे. ते करणार नसाल तर सीलबंदच बरा. निपलवाल्याला दर पाच हजार किलोमीटरला आणि गाडी साचलेल्या पाण्यातून गेल्यावर लगेच ग्रीस द्या. जॉइंटवरचा रबरी बूट (टोपण) किंचित फुगेपर्यंतच पंप मारायचा, तो फुटला की चिखल आत गेलाच म्हणून समजा. पॉलियुरेथेन टणक असतं, पण भार वाहणाऱ्या पिकअपला ते मी सुचवणार नाही. त्यात स्लीव्ह बुशच्या आत फिरते, तिला ग्रीस लागतं, ते सुकलं की किरकिर सुरू होते आणि खड्ड्याचा धक्का थेट चेसिसच्या ब्रॅकेटवर जातो. घोडबंदरच्या खड्ड्यांत ती ब्रॅकेट फाटली तर बुशच्या कितीतरी पट खर्च वेल्डिंगला जाईल.