आई-बाबा पाच महिने अमेरिकेला येताहेत. प्रवास विमा पुण्यातून घ्यावा की इथला?

तुमचा प्रश्न असा आहे: वडील ६९ वर्षांचे (ऑगस्टमध्ये सत्तर पूर्ण होतील), बीपी आणि शुगर, २०१९ मध्ये एक स्टेंट बसवलाय. आई ६४, थायरॉइडच्या गोळीशिवाय काही नाही. मे ते ऑक्टोबर दोघं न्यू जर्सीला तुमच्याकडे राहणार. विमा पुण्यातून घ्यावा की अमेरिकेतला, आणि सगळ्यात स्वस्त कुठला?

आधी उत्तर सांगून टाकतो. वडिलांसाठी अमेरिकन कंपनीची कॉम्प्रिहेन्सिव्ह योजना (म्हणजे काय ते पुढे सांगतो), जिच्यात जुन्या आजाराच्या अचानक उद्भवलेल्या त्रासाला, आणि त्यातही हृदयाच्या त्रासाला, किती रक्कम मिळेल ते स्पष्ट लिहिलेलं आहे. आईसाठी तीच किंवा तिच्याहून साधी. ‘सगळ्यात स्वस्त’ हा शब्द वडिलांच्या बाबतीत विसरा. आता हे एवढ्या ठामपणे का सांगतोय ते ऐका. त्याची फी मी भरलेली आहे.

२०१८ साली माझे बाबा आमच्याकडे ओहायोला आले. वय ६६, बीपीची एक गोळी, बाकी ठणठणीत. विमा मीच घेतला होता. मोठ्या अक्षरात ‘१,००,००० डॉलर’ दिसलं आणि कार्ड पुढे केलं. चौथ्या आठवड्यात एका शनिवारी संध्याकाळी बाबांना घाम सुटला, छाती आवळल्यासारखी झाली. इमर्जन्सीत नेलं. नर्सने विचारलं, कधीपासून त्रास होतोय? बाबा म्हणाले, “तसं तीन दिवस झाले, जड जड वाटतंय.” मी आज्ञाधारक मुलासारखं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. नर्सने टाइप केलं: तीन दिवस.

खरं म्हणजे ते तीन दिवसांचं जडपण नातवाच्या वाढदिवसाच्या पिझ्झाचं होतं. छातीतलं दुखणं त्याच दुपारी सुरू झालं होतं. रात्रभर देखरेखीखाली ठेवलं, ईसीजी, रक्ततपासण्या, सकाळी स्ट्रेस टेस्ट. हार्ट अटॅक नव्हता. दुसऱ्या दिवशी घरी येऊन बाबांनी वरण-भात खाल्ला आणि झोपले. मग बिलं यायला लागली, आणि ती एकत्र येत नाहीत हेही तेव्हाच कळलं. हॉस्पिटलचं वेगळं, इमर्जन्सीतल्या डॉक्टरचं वेगळं, हार्टच्या डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं. शेवटचं तर अडीच महिन्यांनी आलं. सगळी मिळून साधारण १६,००० डॉलर.

कंपनीने दावा नाकारला. कारण एका ओळीचं: आजार जुना आहे आणि लक्षणं सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत उपचार घेतलेले नाहीत. पुरावा? नर्सने टाइप केलेले तेच दोन शब्द.

प्रत्येक जाहिरातीत मोठ्या अक्षरात असणारं इंग्रजी वाक्य ‘अक्यूट ऑन्सेट ऑफ प्री-एग्झिस्टिंग कंडिशन्स’, म्हणजे जुन्या आजाराचा अचानक उद्भवलेला त्रास, हे आहे. ते वाचून आपल्याला वाटतं, जुने आजार कव्हर आहेत. ते तसे नसतात. नियमित तपासणी, गोळ्या, शुगर हळूहळू वाढत गेली, पायावर सूज येत गेली, यातलं काहीही त्यात येत नाही. येतो तो फक्त अचानक, पूर्वसूचना न देता आलेला झटका, ज्यासाठी तातडीने, बहुतेक योजनांत २४ तासांच्या आत, दवाखाना गाठलेला असेल. रुग्ण स्थिर झाला की ही सोय तिथेच संपते. पुढची तपासणी, पुढची गोळी तुमच्या खिशातून. येण्याआधी काही दिवसांत डॉक्टरने औषध बदललं असेल तरी काही कंपन्या हात वर करतात. म्हणून वडिलांच्या डॉक्टरांकडे जायचं असेल तर तिकिटाच्या आदल्या आठवड्यात नको, दोन-तीन महिने आधी जाऊन गोळ्यांचं काय ते नक्की करून घ्या.

आपल्या आई-वडिलांची सवय नेमकी या अटीच्या उलट असते. माझे बाबा निवृत्त बँकवाले. इथे आल्यापासून कॉफीच्या कपालाही सत्तरने गुणायचे. “उगाच तुम्हाला खर्च नको” म्हणून दुखणं दोन-दोन दिवस गिळायचं, आणि शेवटी सांगायचं तेव्हा तेही प्रामाणिकपणे, तारीखवार. दुखणं गिळण्यात २४ तास निघून जातात आणि प्रामाणिकपणात दावा. यावर उपाय विमा कंपनीकडे नाही, तो तुमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आहे. पहिल्याच आठवड्यात दोघांना बसवून सांगा: छातीत, डोक्यात, पोटात काही वेगळं वाटलं तर त्याच तासाला सांगायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी. आणि दवाखान्यात दुभाष्या व्हायची वेळ आली तर नर्सला उत्तर देण्याआधी मराठीत नीट विचारून घ्या की नेमकं हे दुखणं कधी सुरू झालं. खोटं सांगा असं मी म्हणत नाही. तीन दिवसांची ॲसिडिटी आणि तीन तासांचं दुखणं यांची खिचडी करू नका, एवढंच. दवाखाने फोनवर दुभाषी देतात, पण मराठी लगेच मिळेलच असं नाही, आणि बऱ्याचदा हिंदीवर भागवतात.

आमचं पुढे काय झालं? अपील केलं. हार्टच्या डॉक्टरांनी पत्र दिलं की आधीचा त्रास पोटाचा होता आणि छातीचं दुखणं त्याच दिवशीचं. पाच महिन्यांनी कंपनीने काही भाग दिला. उरलेल्यासाठी हॉस्पिटलच्या बिलिंग खात्यात गेलो, बिलाचा तपशीलवार उतारा मागितला आणि आर्थिक मदतीचा अर्ज भरला. अमेरिकेतल्या ना-नफा हॉस्पिटलांना असं लेखी धोरण ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे, पण ते आपण होऊन हातात आणून देत नाहीत. आपण मागायचं असतं. शेवटी सुमारे चार हजार डॉलर मी भरले. तुमच्या न्यू जर्सीत ‘चॅरिटी केअर’ म्हणून राज्याची योजनाही आहे. पाहुण्यांना ती कितपत लागू होते हे गरज पडली तर त्या हॉस्पिटलमध्येच विचारा. आणखी एक गोष्ट माहीत असू द्या: १९८६ च्या कायद्यानुसार इमर्जन्सी विभागाला विमा असो-नसो रुग्णाला तपासून स्थिर करावंच लागतं. म्हणजे दारातून परत पाठवणार नाहीत, बिल मात्र पाठवतील.

आता वडिलांच्या सत्तरीबद्दल. तुमच्या प्रश्नात ते कंसात आलंय, पण खरी गोम तिथेच आहे. अनेक योजनांत अक्यूट ऑन्सेटची सोय ७० वर्षांखालच्यांनाच असते, आणि सत्तरीनंतर एकूण कव्हरही एकदम उतरतं. तुमच्या वडिलांचा वाढदिवस मुक्कामाच्या मधोमध आहे. काही योजनांत विमा सुरू झाला त्या दिवशीचं वय धरतात, काहींत वाढदिवसापासून सोय बंद होते. विकणारा दलाल “काळजी करू नका” म्हणेल. पॉलिसीच्या मसुद्यात ती ओळ शोधा. शिवाय काही कंपन्या हृदय आणि पक्षाघाताच्या झटक्यासाठी वेगळी, बरीच कमी मर्यादा ठेवतात. एक लाख डॉलरच्या पॉलिसीत हृदयासाठी पंचवीस हजारच, असंही सापडतं. स्टेंटवाल्या माणसाच्या बाबतीत पाहायचा आकडा तो आहे, मुखपृष्ठावरचा नाही.

फिक्स्ड आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह यांतला फरक पटकन सांगतो. फिक्स्ड योजनेत प्रत्येक गोष्टीचा दर ठरलेला: खाटेचे दिवसाला इतके, डॉक्टरच्या भेटीचे इतके, शस्त्रक्रियेचे इतके. वरचं सगळं तुमचं. अमेरिकेत खाटेचा खरा दर त्या ‘इतक्या’च्या कितीतरी पट असतो, म्हणून ही योजना स्वस्त पडते. कॉम्प्रिहेन्सिव्हमध्ये आधी तुम्ही डिडक्टिबल, म्हणजे बिलातला ठरलेला पहिला हिस्सा, भरायचं, मग बऱ्याच योजनांत पुढच्या पाच हजारांतले ८० टक्के कंपनी आणि २० टक्के तुम्ही, आणि त्याच्या वर मर्यादेपर्यंत सगळं कंपनीचं. समजा बिल २०,००० आणि डिडक्टिबल २५०, तर तुमच्याकडून साधारण साडेबाराशे डॉलर जातात. हिशेब आधी कळतो हा तिचा मोठा गुण. घराजवळचं हॉस्पिटल आणि अर्जंट केअर (किरकोळ पण तातडीच्या दुखण्यांचा दवाखाना) कंपनीच्या पीपीओ नेटवर्कमध्ये, म्हणजे तिने दर ठरवून घेतलेल्या दवाखान्यांच्या यादीत, आहे का, ते पिन कोड टाकून पाहून ठेवा. सर्दी-ताप, मुरगळणं यांसाठी अर्जंट केअरमध्येच जा. दाखल न होता इमर्जन्सीतून परत आलं तर काही योजनांत जादा डिडक्टिबल लागतं.

आणि दहा वेबसाइटी धुंडाळून सवलत शोधू नका. अमेरिकेत एकच योजना कुठल्याही दलालाकडून घेतली तरी दर तोच असतो.

मग पुण्यातून घेतलेली पॉलिसी वाईट का? नाही. काकू-काकांच्या युरोप टूरला मी डोळे झाकून भारतीयच सुचवतो. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं, ते भारतीय कंपन्या आरामात देतात. रुपयांत प्रीमियम, सामान-पासपोर्ट हरवणं, विमान रखडणं हे सगळं आत. भांडण झालं तर विमा लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते, पुण्यातही त्यांचं कार्यालय आहे. अमेरिकन कंपनीविरुद्ध तो दरवाजा नाही. पण अमेरिकेत पाच महिने आणि वय साठीच्या पुढे म्हटलं की भारतीय पॉलिसींतल्या उपमर्यादा बघाव्या लागतात. खोलीभाडं, सर्जनची फी, ॲम्ब्युलन्स, प्रत्येकाला वेगळी कात्री, आणि जुन्या आजाराला एकतर काहीच नाही किंवा जिवावर बेतलं तरच थोडंसं. तुमच्या आईसाठी, तिला थायरॉइडखेरीज काही जुनं दुखणं नसल्यामुळे, चांगली भारतीय पॉलिसी चालू शकेल. ती निघण्याआधी भारतातच घ्यावी लागते, एवढं लक्षात ठेवा.

कोणी एजंट म्हणेल, “फॉर्मवर स्टेंट लिहू नका, प्रीमियम वाढतो.” त्याला चहा पाजून परत पाठवा. छातीत दुखलं की वडील डॉक्टरला पहिलं वाक्य स्टेंटचंच सांगणार, आणि सांगायलाच हवं. ते कागद कंपनीकडे जातात. वर कंपनी पुण्यातल्या डॉक्टरांकडचे जुने रेकॉर्डही मागते.

सुटे मुद्दे. मुंबईहून बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. १४ तारखेच्या पहाटेचं विमान म्हणजे घरातून १३ च्या रात्री निघणं. पॉलिसी एक दिवस आधीपासून घ्या, आणि परतीची तारीख पुढे ढकलायची शक्यता असेल तर मुदत संपायच्या आत वाढवता येते का ते विचारा. गोळ्या जेनेरिक नावाच्या प्रिस्क्रिप्शनसकट, मूळ पाकिटांत आणि हातातल्या बॅगेत. अमेरिकेत सर्वसाधारण संकेत ९० दिवस पुरतील एवढ्याच औषधांचा आहे, तेव्हा पाच महिन्यांसाठी पुढचा साठा कसा मागवायचा ते आताच ठरवा. आणि एक नको वाटणारा मुद्दा: पार्थिव परत नेण्याचा किंवा इथेच अंत्यसंस्कारांचा खर्च किती धरलाय ती ओळ वाचा. आई-बाबांसमोर नका वाचू.

वडिलांच्या वाढदिवसाचा प्रश्न कंपनीला ई-मेलवर विचारा आणि उत्तर छापून फाइलला लावा. फोनवर मला २०१८ मध्ये सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं होतं.