रेडिएशननंतर तीन वर्षांनी लघवीतून रक्त: अँटिबायोटिकने का थांबत नाही?

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी रेडिएशन होऊन तीन वर्षं झाली. आता आईंच्या लघवीतून अधूनमधून रक्त जातं आणि दर वेळी अँटिबायोटिक देऊनही फरक पडत नाही, असं तुम्ही लिहिलंय.

लघवीच्या कल्चरमध्ये जंतू वाढले नसतील, तर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. नुसत्या पू-पेशी दिसल्या म्हणून संसर्ग ठरत नाही, सूज असली तरी त्या येतात. रेडिएशनमुळे मूत्राशयाच्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या आतून जाड होत अरुंद होतात, भिंतीला प्राणवायू कमी पडतो. मग तिथे नाजूक, फुगीर केशवाहिन्या तयार होतात आणि सहज फुटतात. हे उपचारानंतर सहा महिन्यांनी सुरू होऊ शकतं, तसंच दहा-पंधरा वर्षांनीही.

पण हे रेडिएशनमुळेच आहे असं गृहीत धरू नका. यूरॉलॉजिस्टकडून दुर्बिणीने तपासणी आणि मूत्रमार्गाचा सीटी स्कॅन झालाच पाहिजे, कारण कर्करोग उलटणं किंवा मूत्राशयात नवा होणं वगळावं लागतं. बायोप्सी मात्र खरोखर संशय असेल तरच. रेडिएशन झालेली भिंत लवकर भरत नाही, छिद्र किंवा भगंदरासारखा मार्ग राहू शकतो.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती ज्यांनी दिली त्या डॉक्टरांना विचारा, परस्पर बंद करू नका. रक्तस्राव थांबवणारं ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडही मनाने नको: गुठळ्या घट्ट होऊन लघवी अडकते. गुठळ्या पडून लघवी तुंबली तर लगेच रुग्णालय गाठा. तिथे २२ ते २४ फ्रेंच (नळीच्या जाडीचं माप) जाडीची तीन तोंडांची नळी घालतात, आधी सिरिंजने सगळ्या गुठळ्या ओढून काढतात आणि मगच सलाइनने सतत धुतात. गुठळ्या आत ठेवून धुणं सुरू केलं तर नळी वारंवार तुंबते.

रक्तस्राव परत परत होत असेल तर हायपरबॅरिक ऑक्सिजनबद्दल लवकर विचारा. तो शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. बंद कक्षात सुमारे २ ते २.५ पट वातावरणीय दाबाखाली शुद्ध प्राणवायू, साधारण दीड तास, अशा ३० ते ४० बैठका. त्यामुळे भिंतीत नव्या रक्तवाहिन्या वाढतात, म्हणजे मूळ कारणावरच इलाज होतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या रिच-आर्ट चाचणीत नेहमीच्या उपचारांपेक्षा याने त्रास जास्त कमी झाला. पहिल्या काही बैठकांनंतर फरक दिसला नाही म्हणून सोडू नका, वाहिन्या वाढायला वेळ लागतो. कानावर दाब येतो, नजर काही काळ बदलते. फुप्फुसाबाहेर हवा साठलेली असेल तर हा उपचार चालत नाही.

ही सोय नसेल तर मूत्राशयात आतल्या अस्तराला जपणारं हायलुरोनिक अॅसिड सोडतात, सुरुवातीला दर आठवड्याला. दुर्बिणीतून रक्तस्रावाची जागा जाळताही येते, पण बेताने. तुरटीच्या द्रावणाने धुण्याआधी क्रिएटिनीन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) पाहा: मूत्रपिंडं कमजोर असतील तर तुरटीतलं अॅल्युमिनियम अंगात साठतं. फॉर्मालिन हे तीव्र रसायन अगदी शेवटी, भूल देऊन आणि लघवी मूत्रपिंडाकडे उलटी चढत नाही हे सिस्टोग्रामवर (मूत्राशयाच्या एक्स-रेवर) पाहूनच, कारण त्याने मूत्राशय कायमचं आकसू शकतं.