फौजदाराच्या घरात बहीण द्यावी का? माझ्या अण्णांविषयी

तुम्ही विचारलंय की धाकट्या बहिणीला फौजदाराचं स्थळ सांगून आलंय, मुलगा बरा वाटतो, पण पोलीस खात्यातला माणूस बायको-लेकरांना वेळ देऊ शकतो का आणि घरात तो कसा वागतो, हे अशा घरात वाढलेल्या कुणीतरी सांगावं. मी अशाच घरात वाढले. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, १९७४ साली उस्मानाबाद जिल्हा पोलीस दलात शिपाई म्हणून भरती झाले. १९८२ला लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते लातूरच्या वाट्याला आले. पुढे खात्यांतर्गत परीक्षा देऊन फौजदार झाले आणि २०११ला, अठ्ठावन्नाव्या वर्षी, पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. मागच्या वर्षी अण्णा गेले. तुमचा प्रश्न वाचला आणि लिहायला बसले.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळच देते. वेळ मिळणार नाही, आणि सणावाराला तर नाहीच नाही. गणपती, देवी, दिवाळी, ईद, आंबेडकर जयंती, निवडणूक, कुठल्या मंत्र्याचा दौरा. सगळं गाव घरी असतं किंवा सगळं गाव रस्त्यावर उतरतं, त्या दिवशी पोलिसाला बंदोबस्त असतोच. आमच्याकडे महालक्ष्म्यांचा मोठा थाट असायचा, आई दोन दिवस पुरणावरणात बुडालेली असायची. पण त्या पंगतीला अण्णा बसलेले मला एकदाही आठवत नाहीत. त्यांचं ताट झाकून ठेवलेलं असायचं आणि ते रात्री कधीतरी येऊन गार पुरणपोळी दुधाशी खायचे. आईनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही असं मी म्हणणार नाही. घ्यायची. मग दुसऱ्या दिवशी त्यांच्यासाठी दोन पोळ्या परत तव्यावर टाकायची.

त्यात मराठवाड्यातलं ते वर्ष-सव्वा वर्ष तर फारच वाईट होतं. डिसेंबर १९९२मध्ये अयोध्येनंतरचा तणाव, मग भूकंप, आणि भूकंपाचं आवरतंय तोवर १४ जानेवारी १९९४ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार, म्हणजे त्याला डॉ. आंबेडकरांचं नाव दिलं गेलं. सगळा बंदोबस्त एकामागोमाग एक. आम्ही भावंडं लहान होतो, त्या काळात अण्णा म्हणजे दाराशी वाजणारे बूट एवढंच आम्हाला ठाऊक.

भूकंपाचं थोडं सविस्तर सांगते, कारण त्यानंतर आमच्या घरात एक नियम आला तो अजून आहे. २९ सप्टेंबर १९९३ला अनंत चतुर्दशी होती. विसर्जनाचा बंदोबस्त संपवून अण्णा मध्यरात्र उलटल्यावर घरी आले आणि वर्दी न काढताच आडवे झाले. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हादरली. आम्ही तेव्हा लातूरच्या पोलीस लाईनीत राहत होतो. त्यांनी आम्हाला उचलून मैदानात नेलं, शेजारच्या घरातल्या म्हाताऱ्या आजींना आणलं, सगळी माणसं मोजली आणि बूट घालून निघून गेले. किल्लारी लातूरपासून चाळीसेक किलोमीटर. तिथं पोचल्यावर त्यांनी काय पाहिलं ते त्यांनी आम्हाला कधीच पूर्ण सांगितलं नाही. पुढं मोठी झाल्यावर तुकड्या-तुकड्यांनी कळलं. गावंच्या गावं आडवी झाली होती, वरून पाऊस. ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसांची ओळख पटवायला मागं नातेवाईकच उरले नव्हते, आणि तरी पंचनामे करायचे, सामुदायिक दहन करायचं. जवळपास दहा हजार माणसं त्या एका पहाटे गेली. लातूर-उस्मानाबादकडची जुनी घरं म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर लाकडाच्या आधारावर फूट-दोन फूट मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून बांधलेलं, तेच झोपलेल्या माणसांच्या अंगावर आलं.

बऱ्याच दिवसांनी अण्णा घरी आले. आधी बाहेरच्या नळावर अंघोळ केली. जेवले. मग स्टूल ओढून माळ्यावरची पितळी घागर, आईची पत्र्याची पेटी, जुना पाटा, सगळं एक-एक करून खाली उतरवलं. आई म्हणाली, "हे आत्ता काय काढलंत?" ते एवढंच म्हणाले, "लेकरांच्या डोक्यावर काही नको." त्यानंतर आमच्या कुठल्याच घरात झोपायच्या जागेच्या वर जड वस्तू राहिली नाही. माझं लग्न होऊन मी पुण्यात फ्लॅट घेतला तेव्हा पहिल्या भेटीत त्यांनी बेडच्या वरचं पुस्तकांचं शेल्फ काढून समोरच्या भिंतीला लावून दिलं, स्वतः ड्रिल मागवून. जावयाला काही समजावलं नाही. मीच नंतर सांगितलं.

आता घरात कसा वागतो, हा तुमचा दुसरा प्रश्न. सगळे पोलीस सारखे नसतात. लाईनीत आमच्या आजूबाजूला ठाण्यातला आवाज घरात आणणारेही होते, आणि त्या घरातली पोरं बापाची गाडी वाजली की पुस्तक घेऊन बसायची. अण्णांचं तसं नव्हतं. ते आले की आधी वऱ्हांड्यातच वर्दी उतरवायचे, तोंड धुवायचे, मग आत. तोवर त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, हा आईचा दंडक. ती मोकळी दहा मिनिटं त्यांना लागायची. एकदा आत आले की मग ठाण्यातलं नाव नाही, गुन्ह्याची गोष्ट नाही, कुणाला किती मारलं याच्या फुशारक्या नाहीत. सरकारी जीपमध्ये आम्ही कधी शाळेत गेलो नाही. दिवाळीत दारात आलेले मिठाईचे डबे ज्यानं आणले त्याच्याच हाती परत जायचे, आणि हे काम आईला करावं लागायचं, कारण अण्णा तेव्हा ड्युटीवर असायचे. लोकांना वाईट वाटायचं, ते आई ऐकून घ्यायची. प्रामाणिक पोलिसाच्या बायकोला असा वाईटपणा घ्यावा लागतो, हे बहिणीला आधीच सांगून ठेवा.

आठवड्यातून एकदा मात्र ते आमचेच असायचे. ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरायचं, त्यावर त्यांचे तपकिरी बूट, पट्टा आणि आम्हा तिघा भावंडांचे शाळेचे काळे बूट. आधी ब्रशनं माती झाडायची. मग बोटाला चिंधी गुंडाळून, पॉलिश घेऊन बारीक गोल-गोल फिरवायचं, वाळू द्यायचं, पाण्याचा एक थेंब टाकून पुन्हा चिंधी. बक्कल ब्रासोनं. हे चालू असताना आम्ही बाजूला बसून आठवड्याचं सगळं सांगून मोकळे व्हायचो. कुणाशी भांडण झालं, गणितात किती पडले, बाईंनी काय म्हटलं. मान बुटाकडेच असायची, म्हणून आम्हाला बोलायला सोपं जायचं. भावानं एकदा परीक्षेत कॉपी केल्याचं असंच सांगून टाकलं होतं. अण्णांनी बूट खाली ठेवला नाही. "उद्या सरांना स्वतः सांगशील का मी येऊ?" भाऊ स्वतः गेला.

पुढं उदगीर, निलंगा, अहमदपूर अशा बदल्या झाल्या. आमच्या शाळांसाठी आई लातुरात राहिली. ते एकटे तिकडं, डबा लावून. रात्री नवाच्या सुमारास शेजारच्या काकूंकडे त्यांचा फोन यायचा आणि आम्ही धावत जायचो. अभ्यासाचं विचारायचेच नाहीत. "आज आईनं काय केलं होतं जेवायला?" हाच पहिला प्रश्न. मग भाजी कुठली, भाकरी कशी झाली होती, कोण कमी जेवलं. तेव्हा वाटायचं, काय हे रोज तेच. आता माझी मुलगी वसतिगृहात आहे आणि मी तिला फोनवर रोज हेच विचारते.

निवृत्तीनंतर पुष्कळ पोलीस अधिकारी कोमेजतात. सलाम थांबतो, फोन थांबतो, घरात आपली जागा कुठली हे कळत नाही. अण्णांच्या बाबतीत आम्हाला तीच धास्ती होती. पण काही वर्षांत आईची किडनी निकामी झाली, मधुमेह जुनाच होता, आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. अण्णांनी ते सगळं स्वतःकडे घेतलं. सून आहे, मुलगा आहे, आळीपाळीनं करू, असं आम्ही म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही. बटाटा, पालेभाजी कशी चिरून पाण्यात ठेवायची, उकळून ते पाणी कसं फेकायचं म्हणजे पोटॅशियम कमी होतं, हे ते आहारतज्ज्ञाकडून वहीत लिहून घेऊन आले आणि पासष्टीकडे झुकलेला हा माणूस गॅससमोर उभा राहिला. दिवसभराचं आईचं पाणी ते सकाळीच एका बाटलीत मोजून ठेवायचे. लिटरभरही नाही. त्यातूनच चहा, त्यातूनच गोळ्या.

२०१६चा उन्हाळा लातूरकर विसरणार नाहीत. पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदीचं कलम १४४ लावावं लागलं होतं आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. डायलिसिसच्या एका वेळेला साधारण १२० लिटर शुद्ध पाणी लागतं, शुद्ध करताना वाया जातं ते वेगळं. घरात आईला घोट-घोट मोजून द्यायचं आणि दवाखान्यात पाणी नाही म्हणून मशीन बंद पडेल की काय, याची रोज भीती. ते दिवस अण्णांनी टँकरच्या रांगेत काढले. आयुष्यभर रांगा लावणारा माणूस घागर घेऊन स्वतः रांगेत. कुणी "साहेब, तुम्ही पुढं व्हा" म्हटलं तरी हलायचे नाहीत. सकाळी आणि संध्याकाळी दवाखान्यात जाऊन टाकीत पाणी आहे का ते बघून यायचे.

ते गेल्यावर कपाटात त्यांच्या वह्या सापडल्या. ठाण्यात स्टेशन डायरी असते. कोण कधी कुठं गेला, कशासाठी, कधी परत आला, त्या प्रत्येक हालचालीची तिच्यात वेळेसह नोंद होते. अण्णांनी आईच्या आजारपणाची तशीच डायरी ठेवली होती. अक्षर तेच, भाषाही खात्याचीच. "०६.१० वा. सौ. यांना इन्सुलिन दिले. ०८.१५ वा. डायलिसिसकामी दवाखान्यात रवाना. वजन ५१.४. १३.०५ वा. घरी परत. थोडा थकवा, इतर तक्रार नाही. १६.०० वा. सौ. यांनी भजे मागितले. एक दिले." पाच वर्षांच्या वह्या, एकही दिवस कोरा नाही. २०१९ला आई गेली त्या दिवशीही वेळेसह नोंद आहे, डॉक्टरांनी काय सांगितलं, कोणाकोणाला कळवलं. दुसऱ्या दिवशीच्या पानावर एकच ओळ: "आज दवाखाना नाही."

मला वाटतं, नोकरीत असताना ते घराला जे देऊ शकले नाहीत त्याची त्यांनी परतफेड केली, असं त्यांना स्वतःला कधी वाटलं नसेल. आई आजारी पडली तेव्हा तिच्या सेवेची ड्युटी आपल्याला लागली, एवढंच त्यांच्या डोक्यात असेल. अशा माणसाच्या घरात आम्ही वाढलो याचा मला फार अभिमान आहे, आणि त्यांची आठवण येत नाही असा दिवस जात नाही.

तुमच्या बहिणीच्या कामाचं आता. काळ थोडा बदललाय. मुंबईत २०१६ साली देवनार पोलीस ठाण्यापासून आठ तासांच्या ड्युटीचा प्रयोग सुरू झाला, पुढं किरकोळ रजा १२ दिवसांवरून २० झाली. पण बंदोबस्त लागला की आठाचे सोळा तास आजही होतात आणि मंजूर रजा ऐन वेळी रद्द होते, त्यामुळे या बदलांवर विसंबू नका. मुलगा सध्या पोलीस ठाण्यात आहे, वाहतूक शाखेत आहे की मुख्यालयात, ते विचारा, त्यावर रोजचं वेळापत्रक ठरतं. बदली झाली की बहीण बरोबर जाणार की एका जागी राहणार, तिची नोकरी असेल तर तिचं काय, हे लग्नाआधीच बोलून घ्या, आमच्या घरी हे कुणी ठरवलं नव्हतं आणि त्याचा सगळा भार आईवर पडला. त्याच्या घरी एकदा न सांगता संध्याकाळी जा. तो ड्युटीवरून येतो तेव्हा घरातली लहान मुलं काय करतात ते बघा. आणि बहिणीला त्याच्या आईशी एकटीनं बोलू द्या. मुलगा ताटावर बसला की काय बोलतो, हे त्या माउलीला विचारायला सांगा.