पिशवी न घेता

“मॅडम, मी रिकामा माणूस. तरी संध्याकाळी अंगात जीव राहत नाही. काय करूलोय तेच कळेना झालंय. चष्मा फ्रीजवर ठेवतो आणि घरभर शोधतो. परवा नातवावर ओरडलो. हे डोकं बिघडायची सुरुवात तर नव्हे?”

बेळगावातल्या शहापूरकडचे हे काका 66 वर्षांचे. त्यांची ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण ही काळजी घेऊन सल्ल्यासाठी माझ्याकडे येणारे ते एकटे नाहीत. निवृत्तीनंतर वर्ष-दोन वर्षांत बरेच जण हाच प्रश्न विचारतात आणि बहुतेकांच्या मनात एकच भीती असते, स्मृतिभ्रंशाची.

मी आधी काही गोष्टी विचारल्या. ओळखीच्या गल्लीत रस्ता चुकतो का? तोच प्रश्न थोड्या वेळाने पुन्हा विचारता का? पैशांचा हिशेब पूर्वीसारखा जमतो का? घरच्यांना काही बदल जाणवतो का? चष्मा विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हेच न सुचणं वेगळं. तरीही फक्त बोलण्यावरून निर्धास्त होऊ नये. म्हणून साखर, रक्तदाब, थायरॉईड, बी-12 आणि कान तपासून घ्यायला त्यांना त्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बी-12 कमी निघालं, औषध सुरू झालं. बाकी सगळं ठीक होतं.

मग म्हटलं, “काका, कालचा दिवस सांगा. उठल्यापासून.”

नळाला पाणी यायचं होतं म्हणून पहाटे पाचला उठले. बेळगावात काही भागांत चोवीस तास पाणी असतं, त्यांच्या गल्लीत अजून वाट बघावी लागते. मोटर लावली, ती नुसती घरघरली. प्लंबरला फोन केला. “येतो की” म्हणाला, आला नाही. बादल्या भरेपर्यंत नातवाची रिक्षा येऊन गेली, मग स्कूटरवरून त्याला शाळेत सोडलं. नोव्हेंबर असल्यामुळे पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. मशीनवर बोटाचा ठसा जुळेना. चारदा बोट पुसून ठेवलं, चारदा नकार. समोरचा अर्ज कन्नडमध्ये होता. बोलण्यापुरतं कन्नड त्यांना येतं, वाचता येत नाही. तो भरून द्या म्हणून एका पोराला विनवावं लागलं. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. छत्तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज तपासलेला माणूस. घरी परतताना तिसऱ्या रेल्वे गेटापाशी सुनेचा फोन आला, “बाबा, येताना कोथिंबीर.” जेवायला अडीच वाजले. पाठ टेकली तोच गॅसवाला आला.

मी विचारलं, “यातलं तुमचं काम कोणतं होतं?”

ते बराच वेळ गप्प राहिले. “एकही नाही.”

माझ्या मते दमण्याचं मूळ इथे आहे. ऑफिसातही कामं असतात, पण त्यांना सुरुवात असते, शेवट असतो आणि सुट्टी असते. घरात ‘बाबा आहेतच की’ म्हटलं की माणूस दिवसभर कोणाच्या तरी हाकेला बांधला जातो. एकही काम सलग होत नाही. अशा वेळी चष्मा कुठे ठेवला हे मनात नोंदलंच जात नाही. न नोंदलेलं आठवणार कुठून?

दाखल्याचं काम सोपं होतं. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही तो देता येतो. मुलाने घरबसल्या करून दिला. पाण्याचा आणि रिक्षाचा वार मुलाशी वाटून घ्यायला सांगितलं, तेही जमलं. अवघड गेलं ते फिरणं.

“रोज अर्धा तास चाला” हे त्यांनी मनापासून ऐकलं आणि पहिल्याच दिवशी घरातून पिशवी मिळाली. आठवडाभर ते फिरायला म्हणून निघत आणि गणपत गल्लीतून भाजी घेऊन येत. मी म्हटलं, चालताना हात मोकळे हवेत. फोन जवळ असू द्या, पण आवाज बंद ठेवा. बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही, एवढाच वेग पुरे.

मग ते टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोत जायला लागले. तिथे एकेकाळी देवी रोगाची लस तयार होत असे. आता त्या जुन्या झाडांखाली सकाळ-संध्याकाळ माणसं चालतात. पहिले चार दिवस मोटरचाच विचार डोक्यात फिरत होता, म्हणाले. पाचव्या दिवशी पाऊस पडून गेला होता. मातीचा वास आला आणि अण्णांबरोबर भात कापायला शेतावर जायचो, ते आठवलं. “मॅडम, चाळीस वर्षांत मला ते आठवलं नव्हतं.” हे सांगताना त्यांचे डोळे भरले. विसरायला लागलो म्हणून घाबरलेल्या माणसाला असं काही आठवावं, याचा मला फार आनंद झाला.

तिसऱ्या भेटीला काकू सोबत आल्या. शांतपणे म्हणाल्या, “यांना निवृत्ती मिळाली, फिरणंही मिळालं. मला कधी?”

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. त्या दिवशी उरलेला सगळा वेळ काकूंचा दिवस ऐकण्यात गेला. आता सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी काका कुकर लावतात. त्या वेळी काकू मैत्रिणीबरोबर चालत कपिलेश्वराला जातात, पिशवी न घेता.